माझ्या लेकरासाठी तिने बोललेला नवस

मला शांती लाभली असं लिहायला मी बसलेली नाही. आमच्या मंडळीत साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्या बायका शेवटी हमखास सांगतात, की त्या दिवसापासून माझं मन कसं निवांत झालं. माझं झालं नाही. मी जन्माची चुळबुळी. उपासनेला बसले तरी पायाचा अंगठा हलत असतो, आणि उपदेश लांबला की आमचे हे माझ्या गुडघ्यावर हळूच हात ठेवतात. पण जे घडलं ते खरं घडलं, आणि देवाची कृपा चुळबुळ्या माणसांकडेही येते हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहिते.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता ते दिवस. पहिली भट्टी पेटली होती, पुढची उभी होत होती. आमचे हे खलाशांच्या टोळीत होते, म्हणजे लोखंडाचे अवजड सांगाडे दोर आणि साखळ्या लावून उंचावर चढवायचे. आम्ही अमरावतीकडच्या एका मिशनच्या गावातले, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. कामगारांच्या कॅम्पात आमच्या घरांच्या रांगेला मात्र सगळी भंडारा-गोंदियाकडची शेतकरी माणसं, धानाची शेती भावाच्या हवाली करून इकडे आलेली. ख्रिस्ती घर आमचं एकटंच. चर्च अजून बांधायचं होतं. महिन्यातून एखाद्या रविवारी रायपूरहून पाळकसाहेब यायचे, आणि शाळेच्या पडवीत मल्याळी, तेलुगू, छत्तीसगढी आणि आम्ही अशी सगळ्यांची मिळून उपासना व्हायची. गीताची चाल एकच असायची, शब्द ज्याच्या त्याच्या भाषेतले. कुणाचं कडवं आधी संपायचं, कुणाचं मागाहून, आणि त्यातही मला घाई असायची.

आमच्या भिंतीला भिंत लागून सुभद्राचं घर होतं. तिचा नवरा ह्यांच्याच टोळीत. तिला चंपी नावाची लहान मुलगी होती, आणि दाराशी बांधलेला एक काळा बकरा, जो तिने पिल्लू असल्यापासून हाताने चारून वाढवला होता. माझ्याच वयाची बाई, पण माझ्यापेक्षा दुप्पट कामाची आणि निम्म्या बोलण्याची. मी तिला सुभद्रा म्हणायची, ती मला वैनी. मी चूल पेटवायला बसले आणि लाकूड ओलं निघालं, तर न मागता भिंतीवरून सुकी काटकी यायची.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर आम्हाला मुलगा झाला. त्याचा बाप्तिस्मा पाळकसाहेबांच्या पुढच्याच फेरीत करायचा असं ठरलं होतं. पण एका फेरीला मी बाळंतपणातून उठलेली नव्हते, आणि त्याच्या पुढच्या फेरीला पाळकसाहेबच आजारी पडले. मुलगा हसायला लागला, मान धरायला लागला, तरी त्याच्या डोक्याला पाणी लागलं नव्हतं. इतरांना यात विशेष काही वाटत नव्हतं. मला झोप लागत नव्हती.

त्याचं कारण सांगायला हवं. मिशनच्या शाळेत आमच्या बाईंनी शिकवलं होतं, की देव माणसाशी करार करतो तेव्हा खूण देतो. जलप्रलय ओसरला तेव्हा ढगात धनुष्य दिलं. अब्राहामाच्या घराण्याला अंगावर सुंतेची खूण दिली. देवाचे लोक मिसर देशात गुलाम होते, तेव्हा थोरली लेकरं न्यायला मरण दारोदार हिंडायला निघालं, आणि ज्या घराच्या चौकटीला कोकऱ्याचं रक्त लावलेलं होतं ते घर ओलांडून गेलं. आपल्याला दिली ती बाप्तिस्म्याच्या पाण्याची खूण. वर्गातल्या बाकीच्या मुली त्या वाचलेल्या घरांचा विचार करत असतील. मी विचार करायची तो त्या घराचा, जिथे काही ना काही अडचण निघाली आणि चौकटीला रक्त लावायचं राहून गेलं. तसं घर असेल का? त्यातल्या आईने काय केलं असेल? आता माझ्या घरात तसंच लेकरू पाळण्यात होतं.

आणि रोहिणीच्या उन्हात त्याला ढाळ लागले. आधी पातळ होत होतं, मग पोटात काही ठरेना, दूध गेलं की परत बाहेर. सकाळपर्यंत डोळे आत गेले, टाळू खोल गेली, आणि रडण्याचा आवाज यायचाच बंद झाला. कामावर निघालेल्या ह्यांचा मी सदरा धरला. पाळकसाहेब नाहीत, पण अडचणीच्या वेळी कुणीही ख्रिस्ती माणूस पाणी घालू शकतो, तुम्ही घाला, मी म्हटलं.

"पह्यले त्याच्या तोंडात घाल," हे म्हणाले.

मी ऐकेना. खूण राहिली आणि लेकरू गेलं तर, एवढंच मी परत परत म्हणत होते. ह्यांचा स्वभाव थंड, पण त्या दिवशी त्यांनी सदऱ्यावरचा माझा हात झटकला. "तुह्या गळ्यातली पोत मागं तुटली होती, तं आपलं लगन मोडलं का? खूण तुटते, राहून जाते. ज्यानं शब्द देल्ला तो कुठं जाते? तू कावून जीव जाळून राहिली? मी गाडी पाहून येतो." असं म्हणून ते कारखान्याच्या दिशेला पळत गेले.

गाडी मिळाली ती दुसऱ्याच दिशेने. सुभद्राने आमचं बोलणं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. चंपीला शेजारच्या म्हातारीकडे सोडून ती रस्त्यावर गेली आणि नंदिनीच्या खाणीकडून चुनखडी घेऊन येणाऱ्या ट्रकपुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली; लेकरू घेऊन मी तिच्या मागोमाग धावले होते. ड्रायव्हरने शिवी दिली असती तर नवल नव्हतं. त्याने लेकराकडे पाहिलं, दार उघडलं, आम्हा दोघींना वर घेतलं आणि भरलेला ट्रक दुर्गकडे वळवला. इस्पितळाच्या फाटकाशी उतरवलं आणि निघून गेला. त्याच्या दाढीवर चुन्याची पांढरी धूळ होती, एवढंच मला त्याचं आठवतं. मी नंतर नंदिनीकडून येणाऱ्या कितीतरी ट्रकांकडे पाहिलं, तो पुन्हा दिसला नाही. आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

इस्पितळात मांडीत सुई टोचून सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, लघवी झाली तर पोर वाचेल, तोवर मी काही सांगू शकत नाही. आम्ही पडवीत भिंतीशी बसलो. मी प्रार्थना करायला डोळे मिटत होते आणि शब्द येत नव्हते. येत होतं ते चौकटीला काही न लावलेलं घर. शेवटी सुभद्राने लेकरू माझ्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतलं, सुईला धक्का लागू न देता, आणि म्हणाली, "वैनी, तू जराशी पड." मी पडणार नव्हते. आईने अशा वेळी झोपू नये एवढं मलाही कळत होतं. पण डोकं भिंतीला टेकलं आणि मी गेलेच, एका काळ्या, जड, भीतीने भरलेल्या झोपेत, जिच्यातून हाक मारूनही कुणी उठलं नसतं.

जाग आली ती सुभद्राच्या हलवण्याने. ऊन पडवीत आत आलं होतं. तिच्या लुगड्यावर मोठा ओला डाग होता आणि ती हसत होती.

"मुतला, वैनी," ती म्हणाली.

माझ्या आयुष्यात याहून मोठी सुवार्ता मला कुणी सांगितलेली नाही. मी देवाचे आभार मानले, ट्रकवाल्याचे मानले, डॉक्टरांचे मानले. सुभद्राचे मानायला सुचलंच नाही, इतकी ती घरची होती.

घरी आल्यावर लेकरू अंगावर पिऊ लागलं, आणि एका सकाळी सुभद्रा हळदकुंकू घेऊन दारात आली. कपाळाला माझ्या लावायचं नाही हे तिला माहीत होतं, पण हात मोकळे ठेवून यायचं तिच्या जिवावर आलं असावं. म्हणाली, "येत्या मंगळवारी मातेकडं जाऊ. पोट्ट्याले न्हाऊ घालून ठेव." मला काही कळेना. मग तिने सांगितलं. तळ्याच्या काठी कडुनिंबाखाली माता आहे, तिला तिने नवस बोलला होता. "तू झोपली होती न, तवा बोलली मी. हा पोट्टा वाचू दे, माहा कारा बकरा तुले देईन." नवस फेडायची त्यांच्याकडची रीत अशी, की ज्या लेकरासाठी बोलला त्याला त्याच्या आईने मातेपुढे आणायचं, बकरा कापायचा, आणि त्याच्या रक्ताचा टिळा लेकराच्या कपाळी लावायचा. आई आणि लेकरू आल्याशिवाय नवस फिटला असं कुणी धरत नाही.

ती इतक्या आनंदाने सांगत होती, की नाही हा शब्द काढणं मला जड गेलं. पण मी काढला. मी लहानपणापासून एक गोष्ट शिकले आणि मानते, की माझ्यासाठी आणि माझ्या लेकरांसाठी एक कोकरा, म्हणजे ख्रिस्त, एकदाच मारला गेला आणि ते पुरेसं झालं. त्यानंतर दुसरं रक्त कपाळी लावणं म्हणजे पहिलं अपुरं पडलं असं म्हणण्यासारखं आहे. मी हे तिला तोडकंमोडकं समजावलं. तुमचा देव खोटा असं मी म्हणाले नाही, माझं मला सोडवत नाही असं म्हणाले.

सुभद्रा वाद घालणाऱ्यातली नव्हती. हातातली वाटी तिने पदराखाली घेतली. "तुले पह्यले विचाराले पाह्यजे होतं," ती म्हणाली. "पण तू झोपली होती." आणि घरात गेली. बकरा दाराशी बांधलेलाच राहिला.

तिचा नवस नुसता बकऱ्याचा नव्हता हे मला नळावर कळलं. ज्या म्हातारीकडे चंपीला ठेवलं होतं तिने मला बाजूला घेतलं. "तुले मालूम हाय का, ते काय बोलून आली? पोट्टा वाचला अन् नवस नाई फिटला, तं माही चंपी तुही, असं बोलली मायले. आता तू नाई म्हणून राहिली." मी घागर तशीच ठेवून घरी आले. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, देव असा नसतो गं, की एकीच्या नकारासाठी दुसरीचं लेकरू नेईल. ते मलाही माहीत होतं. पण माहीत असून जीव थाऱ्यावर येत नाही, त्याला मी काय करू?

मग चंपीला ताप भरला. अंगावर लाल पुरळ उठलं, डोळे चिकटले, उजेड सोसेना. रांगेत म्हणाले, माता आली. सुभद्राच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला, घरातली फोडणी बंद झाली, आणि रिवाजाप्रमाणे बाहेरच्यांचं येणं-जाणं थांबलं. तिचा नवरा कामावर जायचा, ती दिवसभर एकटी. मला कुणी काही बोललं नाही. नळावर बायका माझी घागर आधी भरू द्यायच्या, म्हणजे मी लवकर निघून जावं. यापेक्षा त्यांनी भांडायला हवं होतं. भिंतीपलीकडून चंपीचं कण्हणं यायचं, आणि भिंतीवरून येणारी काटकी यायची बंद झाली होती. सुभद्राने एकदाही मला दोष दिला नाही. तिने दिला असता तर मी उलट बोलू शकले असते.

एक दिवस मावळताना मी लेकराला घेऊन दाराच्या पायरीवर बसले होते. बसले होते म्हणजे उठत होते, आत जात होते, परत बाहेर येत होते. समोर पहिली भट्टी धुमसत होती आणि तिच्या बाजूच्या उंच नळीच्या तोंडाशी ज्योत फडफडत होती. ते रोजचंच होतं. त्या दिवशी मात्र मला शाळेतला एक धडा आठवला.

अब्राहामाला देवाने वचन दिलं, तेव्हा त्याने विचारलं, हे मी कशावरून समजू? देवाने त्याला कालवड, शेळी आणि एडका आणायला सांगितले. त्याने ते मधोमध चिरले आणि अर्धं अर्धं समोरासमोर मांडून ठेवलं. त्या काळी करार असाच व्हायचा. करार करणाऱ्यांनी त्या तुकड्यांच्या मधून चालत जायचं, म्हणजे जो शब्द मोडील त्याचं असं होवो. पण सूर्य मावळायला आला आणि अब्राहामाला गाढ झोप लागली, भयाण काळोखाची झोप. आणि त्या तुकड्यांमधून गेली ती एक धुमसती भट्टी आणि एक जळती मशाल. अब्राहाम गेलाच नाही. आमच्या बाई सांगायच्या, देव एकटाच गेला. शब्द मोडल्याची शिक्षाही त्याने आपल्या एकट्याच्या अंगावर घेतली, आणि पुढे क्रुसावर ती भोगली. यज्ञाचा सगळा अर्थ यात आहे असं त्या म्हणायच्या. मी हे परीक्षेत लिहून वर्गात पहिली आले होते.

पायरीवर बसून मला एवढंच आठवलं, की मी झोपले होते. मी झोपलेली असताना माझ्या लेकरासाठी एक बाई एकटीच चालत गेली होती, आणि तुकडे व्हायचे तर आपले होऊ देत असं म्हणून गेली होती. ती कुठल्या देवापुढे म्हणाली हा प्रश्न मोठा आहे. तो अजून मला टोचतो. पण माझ्या देवाने माझ्यासाठी काय केलं हे मी पुस्तकात शिकले होते, आणि ते कसं दिसतं हे मला सुभद्राने दाखवलं होतं. लेकराच्या कपाळी ते रक्त लावणं मला शक्य नव्हतं. तिला एकटीला तिथे उभं ठेवणंही शक्य नव्हतं. मग उरलं काय? आत जाणं उरलं.

गोवर लागतो हे मला चांगलं माहीत होतं. मरणाच्या दारातून नुकतं परतलेलं, अजून नीट न भरलेलं लेकरू माझ्या अंगावर पीत होतं. मी ह्यांना सांगितलं. ते नाही म्हणतील अशी मला आशा होती, खोटं कशाला बोलू. त्यांनी लेकरू माझ्याकडून घेतलं आणि म्हणाले, "जा." मी देवाला एवढंच म्हटलं, की हे लेकरू तुझं असेल तर तूच सांभाळ, मला दोन घरांत एकाच वेळी राहता येत नाही. त्याला प्रार्थना म्हणावं का, मला ठाऊक नाही. बरीचशी तक्रारच होती.

सुभद्राने दार अडवलं. "वैनी, येऊ नोको. तुह्या घरी अंगावरचं लेकरू हाय. हे लागते."

"मले माहीत हाय."

"मंग कावून येऊन राहिली?"

"पाय धुवाले पाणी दे," मी म्हटलं. "अन् तू पड. मी बसतो हिच्यापाशी."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग उंबऱ्यापाशी माझ्या पायांवर पाणी घातलं, आत गेली, आणि जमिनीवर आडवी होताच झोपली. मी चंपीचे डोळे ओल्या फडक्याने पुसले, चमच्याने पेज पाजली, अंगाला हात लावला तर तव्यासारखं. त्यानंतरचे दिवस मी त्या दोन घरांमध्ये नुसती फिरत होते. घरी येताना अंग धुवायचं, लुगडं बदलायचं, लेकराला पाजायचं, परत जायचं. एका दुपारी लेकराचं कपाळ मला गरम लागलं. मी त्याला छातीशी धरून उभी राहिले आणि देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी अंग निवलं. पत्रा तापला होता, बाकी काही नव्हतं. मी कृतज्ञ झाले आणि लगेच पुढच्या तापाची वाट पाहायला लागले. माझी श्रद्धा ही अशी.

चंपीचं पुरळ हळूहळू काळवंडलं, सुकलं, आणि एक दिवस उठून तिने कैरी मागितली. सुभद्रा पदर तोंडाला लावून रडली. माझ्या लेकराला गोवर आला नाही. का आला नाही ते मी सांगू शकत नाही. ज्याने राखलं त्याला माझे हात जोडलेले आहेत.

मग मंगळवारी तिने बकरा सोडला. मी दारातच उभी होते. माता रागवेल का, असं मी विचारलं. तिने बकऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मायले सांगीन मी, पोट्ट्याची माय नाई येऊ शकत, तिचं तिच्या देवाशी बोलणं झालं हाय. माय हाय ते. समजन." आणि ती चंपीला कडेवर घेऊन एकटीच गेली. तळ्याकडून डफडं ऐकू येत होतं. मला घरात बसवेना आणि बाहेर जाववेना. माझ्या लेकरापायी एक जीव जात होता, आणि तो जायची काही गरज नव्हती असं मी मनापासून मानत होते. पण ज्या मायेपोटी तो जात होता तिला नको म्हणायची माझी छाती नव्हती. संध्याकाळी रांगेतल्या घराघरात प्रसादाचं मटण गेलं. आमचं घर तिने वगळलं. राग धरून नव्हे. मला नको म्हणायची वेळ येऊ नये म्हणून.

त्याच्या पुढच्या रविवारी पाळकसाहेब आले. बाप्तिस्म्याच्या वेळी लेकरासाठी जामीन म्हणून कुणीतरी उभं राहायचं असतं. माझे दीर गावाहून येणार होते. गाडी आली असेल, येतीलच, असं म्हणता म्हणता उपासना अर्ध्यावर आली तरी त्यांचा पत्ता नव्हता. शाळेच्या नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं, म्हणून सुभद्राने आमच्या रांगेतल्या नळाची घागर डोक्यावर आणली होती, आणि चंपीला घेऊन ती मागे चपलांपाशी बसली होती, पोट्ट्याचं काय करतात ते पाहायला.

पाळकसाहेबांनी विचारलं, "या बालकासाठी जामीन म्हणून कोण उभं राहतं?"

आम्ही दोघांनी रस्त्याकडे पाहिलं. कुणी येत नव्हतं. पाळकसाहेबांनी मंडळीकडे पाहून पुन्हा विचारलं. मल्याळी भाऊ तेलुगू भावाकडे पाहू लागला. सुभद्रानेही इकडे तिकडे पाहिलं. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीला कुणी उत्तर का देत नाही, असं तिच्या तोंडावर होतं. मग चंपीला मांडीवरून उतरवून ती उठली आणि पदर सारखा केला.

"मी हाओ न, बाबाजी."

पाळकसाहेबांनी तिच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रागावले नव्हते, पण नियम त्यांना ठाऊक होता, आणि मलाही. त्यांनी तिला सावकाश समजावलं. "बाई, हे असं सहज उभं राहण्याचं काम नाही. जामीन राहणं म्हणजे या लेकराबद्दल देवापुढे तुम्हाला उत्तर द्यावं लागेल."

"तं आतापावतर कोन देऊन राह्यलं होतं?" सुभद्रा म्हणाली.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मग लेकरू तुम्ही धरा," ते म्हणाले.

मी माझा मुलगा तिच्या हातांत दिला. देवाच्या हाती सोपवणं म्हणतात, ते मला आजवर एवढंच जमलं आहे.